मन थाऱ्यावर येतं तेव्हा डोक्यात काय होतं?

सोलापूरच्या पूर्व भागात दुपारच्या वेळी फिरलात तर दारोदारी विड्या वळणाऱ्या बायका दिसतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्री फिरवायची, चिमूटभर तंबाखू पसरायची, बोटांनी गुंडाळी करायची, तोंड दुमडायचं, दोरा मारायचा. हजार विड्या होईपर्यंत हेच. बघणाऱ्याला वाटतं, काय ही एकाग्रता! पण त्या बाईचं मन सुपात नसतंच. ते मायक्रोफायनान्सच्या हप्त्यात असतं, मुलीच्या कॉलेजच्या फीमध्ये असतं, नाहीतर परवा जाऊबाई जे बोलल्या त्यात अडकलेलं असतं. हाताला सवय झाली की मन मोकळं सुटतं, आणि मोकळं सुटलेलं मन फारसं सुखाच्या गावाला जात नाही.

याचं मोजमाप झालेलं आहे. हार्वर्ड विद्यापीठातल्या मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २,२५० लोकांच्या फोनवर दिवसभरात अधूनमधून प्रश्न पाठवले. आत्ता काय करताय? मन त्यातच आहे का? कसं वाटतंय? २०१० मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतं. म्हणजे जवळजवळ अर्धं जागेपण आपण भलतीकडेच असतो. शिवाय मन भटकत असताना लोक कमी आनंदी होते. भटकून ते गोड आठवणीत गेलं तरी समोरच्या कामात रमण्यापेक्षा जास्त आनंद मिळत नव्हता. वेळांचा क्रम लावून पाहिल्यावर असं दिसलं, की बहुतेकदा आधी मन भटकतं आणि मग ते खिन्न होतं. आपण एरवी उलटं समजतो.

हे भटकणं मेंदूत कुठं चालतं, याचा धागा त्याआधीच हाती आला होता. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मार्कस रेकल आणि सहकारी मेंदूची चित्रं काढत होते. कामाला लावल्यावर मेंदूचे काही भाग जागे होणार, हे अपेक्षितच होतं. पण काही भाग काम नसताना जास्त चालत होते आणि काम सुरू झालं की मंदावत होते. कपाळामागचा मधला भाग आणि डोक्याच्या मागच्या बाजूचा आतला भाग ही त्यातली मुख्य ठाणी. २००१ मध्ये रेकल यांनी मेंदूच्या या मूळ चालीला ‘डिफॉल्ट मोड’ म्हटलं आणि पुढे या जाळ्याला ‘डिफॉल्ट मोड नेटवर्क’ हे नाव रूढ झालं. मी, माझं, माझ्याबद्दल लोक काय म्हणतात, उद्या माझं काय होणार, असा सगळा ‘मी’चा व्यवहार बराचसा इथं चालतो. हे जाळं वाईट नाही. बेत आखणं, आठवणं, दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहणं यासाठी ते लागतंच. त्रास होतो तो तेच तेच दळण थांबेनासं झालं की.

आता ध्यान. ध्यानाचे प्रकार पुष्कळ आहेत, पण प्रयोगशाळेत सर्वांत जास्त तपासली गेलेली कृती अगदी साधी आहे. नाकपुड्यांशी येणाजाणाऱ्या श्वासावर लक्ष ठेवायचं. मन पळालं की ते पळालं हे ओळखायचं आणि स्वतःवर न चिडता परत श्वासावर यायचं. बस. अनेक जण दोन-चार दिवसांत सोडून देतात, कारण ‘आमचं मन काही लागत नाही’. इथंच समजुतीत घोटाळा आहे. यंत्रमागावर धागा तुटणारच; कसलेल्या विणकराचं कसब धागा कधीच न तुटण्यात नसतं, तुटल्याचं चटकन कळण्यात आणि गाठ मारून माग पुन्हा चालू करण्यात असतं. ध्यानाचा व्यायाम त्या ‘कळण्या’चा आहे.

अटलांटाच्या एमरी विद्यापीठात वेंडी हासेनकँप यांनी नेमका हाच क्षण पकडला. १४ सरावलेल्या साधकांना त्यांनी एमआरआय यंत्रात झोपवून श्वासावर ध्यान करायला सांगितलं. मन भटकल्याचं ध्यानात आलं की हातातलं बटण दाबायचं. २०१२ मध्ये छापलेल्या या प्रयोगात एक फेरा दिसला: भटकताना डिफॉल्ट जाळं चालू, भान आलं त्या क्षणी महत्त्वाचं काय ते हेरणारे भाग जागे, आणि लक्ष परत वळवताना कपाळामागचा बाजूचा भाग कामाला. हा फेरा मिनिटामिनिटाला होत राहतो. वीस मिनिटांत मन तीस वेळा पळालं तर तीस वेळा व्यायाम झाला. न पळणारं मन घेऊन बसलात तर व्यायाम कसला होणार?

दुसरी वाट श्वासाची, आणि ती घरबसल्या तपासता येते. मनगटावर नाडीला बोट लावा आणि सावकाश, खोल श्वास घ्या. श्वास आत घेताना नाडी जराशी जलद होते, सोडताना संथ. तरुण माणसात हा फरक बोटाला स्पष्ट कळतो. व्हेगस नावाची लांबलचक मज्जा हृदयाला आवर घालते, आणि हा आवर उच्छ्वासात वाढतो. म्हणून लांब उच्छ्वास टाकला की छातीतली धडधड उतरते. इटलीतल्या ल्युचिआनो बेर्नार्डी यांनी २००१ मध्ये गंमत दाखवली: ख्रिस्ती जपमाळेतली लॅटिन प्रार्थना म्हणा किंवा ‘ओम मणि पद्मे हुम्’ म्हणा, दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो. या गतीला हृदयाची आणि रक्तदाबाची लय जुळून येते आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा जास्त तत्पर होते. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, श्वासाचं माप एकच. आपल्याकडे सिद्धेश्वर तळ्याच्या काठी ‘ॐ नमः शिवाय’चा जप करणारे आणि दिवेलागणीला हरिपाठ म्हणणारे मिनिटाला किती श्वास घेतात, हे एखाद्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यानं घड्याळ लावून मोजावं. खर्च शून्य, आणि प्रकल्प झकास होईल.

हा सगळा अभ्यास गोऱ्यांनी सुरू केला असा समज असतो, तोही खरा नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं ते योगक्रिया उपकरणांनी तपासण्यासाठीच, आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे संशोधनाचं नियतकालिकही सुरू केलं. दिल्लीच्या एम्समध्ये बी. के. आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी योग्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी टिपून १९६१ मध्ये प्रसिद्ध केल्या. दोन योग्यांनी ४ अंश सेल्सियसच्या पाण्यात पाऊण तासाहून जास्त वेळ हात बुडवून ठेवला आणि त्यांच्या शांतपणाच्या अल्फा लहरी टिकून राहिल्या. जॉन काबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट वेदनांच्या रुग्णांसाठी काही आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला तो १९७९ साली. आज ‘माइंडफुलनेस’ (सजगता) म्हणून जे परत आपल्याकडे आलं आहे ते बहुतांशी या अभ्यासक्रमाचं रूप.

मग गुण किती? २०१४ मध्ये ४७ चाचण्या आणि ३,५१५ रुग्णांचा एकत्र आढावा छापून आला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत फरक पडतो, पण तो माफक. झोप, वजन, व्यसन यांबाबत ठोस पुरावा मिळाला नाही. २०२२ मध्ये चिंताविकाराच्या २७६ रुग्णांपैकी निम्म्यांना एसिटॅलोप्राम हे औषध आणि निम्म्यांना आठ आठवड्यांचा ध्यानवर्ग दिला. दोन्ही गटांत सुधारणा जवळपास सारखी. पुन्हा पुन्हा नैराश्यात जाणाऱ्या माणसांसाठी ध्यानावर बेतलेली उपचारपद्धती ब्रिटनच्या आरोग्यसेवेत कधीच मान्य झाली आहे. माझ्या मते या विषयातला सर्वांत भक्कम पुरावा तिथंच आहे, आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते. चर्चा होते ती ‘आठ आठवड्यांत मेंदूचा आकार बदलतो’ या दाव्याची. तो दावा मूठभर लोकांवरच्या अभ्यासातून आला होता. २०२२ मध्ये दोनशेहून अधिक जणांवर काटेकोर चाचण्या झाल्या तेव्हा आकारात काहीच बदल दिसला नाही. तरी व्हॉट्सअपवर तो फॉरवर्ड अजून फिरतोय.

एक गोष्ट बारीक अक्षरात राहून जाते. औषधाशी तुलना झालेल्या त्या ध्यानवर्गात आठवड्याला अडीच तासांचा वर्ग आणि रोज घरी पाऊण तास सराव होता. बारा तासांची पाळी करून आलेल्या, कानात मागाचा खडखडाट घुमत असलेल्या कामगाराला पाऊण तासाची शांतता आणायची कुठून? मे महिन्यात पारा ४४ च्या पुढे, पत्र्याचं छत, नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. अशा माणसाला ‘ताण घेऊ नका, श्वासाकडे पाहा’ असं सांगणं मला तरी जिवावर येतं. त्याच्या ताणाचं कारण त्याच्या डोक्यात नाही, मजुरीच्या पत्रकात आहे.

इथून प्रश्न समाजाकडे वळतो. माणसं ध्यान करू लागली तर समाज बदलेल का? यावरचा सर्वांत धाडसी दावा महर्षी महेश योगींच्या अनुयायांचा. लोकसंख्येच्या एक टक्क्याचं जे वर्गमूळ, तेवढ्या लोकांनी एकत्र विशिष्ट ध्यान केलं की सगळ्या शहरातले गुन्हे घटतात, असं ते सांगतात. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या ९,५१,५५८. एक टक्का म्हणजे ९,५१५ आणि त्याचं वर्गमूळ साधारण ९८. म्हणजे पार्क मैदानावर ९८ जण बसवले की फौजदार चावडी पोलीस ठाण्याला सुट्टी! १९९३ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनमध्ये सुमारे चार हजार साधक जमवून हा प्रयोग खरोखर झाला आणि यशाचा दावाही झाला. त्या वर्षी त्या शहरात साडेचारशेच्या घरात खून पडले. पुढच्या वर्षी प्रयोगाच्या सूत्रधाराला शांततेचं इग्नोबेल मिळालं. ते विनोदी संशोधनासाठी असतं.

खरे प्रयोग लहान आहेत आणि जास्त बोलके. बॉस्टनमध्ये २०१३ साली आठ आठवडे ध्यान केलेले आणि न केलेले लोक एकेक करून प्रतीक्षालयात बोलावले. तीन खुर्च्या, दोनांवर संशोधकांचीच माणसं, तिसरीवर हा बोलावलेला माणूस. मग कुबड्या घेतलेली, वेदनेनं कण्हणारी बाई आत येते. बाकीचे दोघे ठरल्याप्रमाणे मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात. ध्यान न केलेल्यांपैकी १६ टक्के तिला जागा द्यायला उठले, केलेल्यांपैकी ५० टक्के. प्रयोगात चाळीसहूनही कमी लोक होते, त्यामुळे आकड्यांना फार लटकू नये. पण एसटीत बसलेल्या कुणालाही हा प्रसंग परका वाटणार नाही.

उलट्या बाजूचे प्रयोगही आहेत. २०२१ मध्ये बफेलो विद्यापीठाच्या मायकेल पुलिन यांना दिसलं, की स्वतःला चारचौघांतलं एक मानणाऱ्या माणसांत थोड्याशा ध्यानानंतर मदतीची वृत्ती वाढते; ‘माझं मी’ अशा वृत्तीच्या माणसांत ती घटते. २०२२ मधल्या आणखी एका संशोधनात ध्यानानं अपराधीपणाची टोचणी बोथट झाली, आणि ज्याचं नुकसान केलं त्याला भरपाई द्यायची इच्छाही. म्हणजे मन शांत होणं आणि माणूस चांगला होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कामगारांची देणी थकवणारा मालक ध्यानानं अधिक निवांत झोपू शकेल, एवढंच. ब्रिटनमध्ये ऐंशीहून अधिक शाळांतल्या आठ हजारांवर मुलांपैकी जवळपास निम्म्यांना सजगतेचे धडे दिले. २०२२ चा निकाल असा, की नेहमीच्या शिकवणीपेक्षा मुलांच्या मनःस्वास्थ्यात काही फरक पडला नाही. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नव्हता. मुलंच ती.

हा वाद सोलापूरला नवा नाही. बाराव्या शतकात हे गाव सोन्नलगी होतं आणि शिवयोगी सिद्धराम लोकांना घेऊन तळं खोदत होते. लिंगायत परंपरा सांगते, की शिवभक्त संत अल्लमप्रभू तिथं आले आणि त्यांनी या तळं खोदणाऱ्या ‘वड्डरा’ला छेडलं: बाहेर खोदतोस, आत कधी बघणार? सिद्धराम त्यांच्याबरोबर कर्नाटकातल्या कल्याणला (आजच्या बसवकल्याणला) गेले, अनुभव मंटप या तिथल्या संतांच्या चर्चासभेत बसले, वचनं लिहिली. अल्लमांचं म्हणणं बरोबर होतं असं मानलं तरी तळं खोदलं गेलं हे बरं झालं. नुसत्या ध्यानानं गावाला पाणी मिळालं नसतं. आणि ध्यानाला बसून आत बघताना आपल्याला काय दिसणार, हेही आपण चारचौघांत कसे वागत आलो त्यावर ठरतं, असंच पुलिन यांचे आकडे सुचवतात.

सुरुवात करायची असेल तर रोज दहा मिनिटं पुरे, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून. काही जणांना डोळे मिटून बसल्यावर जुनी दुखणी वर येतात, धास्ती वाढते. २०२० मध्ये ८३ अभ्यासांचा आढावा घेतला तेव्हा सुमारे ८ टक्के लोकांना असा काही ना काही त्रास झाल्याचं दिसलं. असं झालं तर डोळे उघडा, उठा, चार पावलं चाला. ‘अजून जोर लावा’ सांगणाऱ्या गुरूपासून लांब राहा. भास होणं, मोठा मानसिक आघात किंवा टोकाचं नैराश्य यांचा पूर्वेतिहास असेल तर दहा दिवसांच्या मौन शिबिराला नाव देण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांना विचारा, आणि चालू गोळ्या मनानं बंद करू नका. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं.