बिअरचा ग्लास घरी कसा धुवावा, कसा ठेवावा : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून बिअरचे ग्लास नेलेले ग्राहक पुन्हा दुकानात येतात, तेव्हा सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार एकच असते. ब्रुअरीत बसून प्यायलो तेव्हा शेवटच्या घोटापर्यंत फेस होता, घरी मात्र ओतल्या ओतल्या बसला. मग बिअर जुनी असेल, नीट गार झाली नसेल, अशा शंका निघतात. कधी कधी तसं असतंही. पण बहुतेक वेळा दोष ग्लासला लागलेल्या ओशटपणाचा असतो. ग्लास डोळ्यांना लख्ख दिसतो, पण बिअर ओतली की खरं काय ते कळतं. ग्लास विकून आमचं काम संपत नाही असं आम्ही मानतो, म्हणून हे पत्रक प्रत्येक खोक्यात घालतो. कृपया एकदा सावकाश वाचा आणि घरात भांडी जे कोणी घासतं त्यांनाही वाचून दाखवा.

फेस का बसतो?

बार्लीतली प्रथिनं आणि हॉप्समधले (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधले) कडू घटक मिळून कार्बन डायऑक्साइडच्या बुडबुड्याभोवती एक पातळ पापुद्रा धरतात. हा पापुद्रा टिकला की फेस टिकतो. त्यात तेलाचा, तुपाचा किंवा सायीचा अंश शिरला की तो कमकुवत होतो आणि बुडबुडे फटाफट फुटतात. साबणाचंही तेच. तो प्रथिनांना बाजूला सारून स्वतः तिथे जाऊन बसतो. म्हणून साबणाने घासलेला पण अर्धवट विसळलेला ग्लास हा ओशट ग्लासइतकाच वाईट.

आपल्या स्वयंपाकघरात तेल कुठून कुठून येतं ते बघा. सकाळी पोह्यांची कढई ज्या घासणीने घासली, तीच घासणी ग्लासमध्ये फिरते. ग्लास गॅसजवळच्या उघड्या फळीवर असतील, तर रोजच्या फोडणीची वाफ त्यांच्यावर बसते. फळीवरून बोट फिरवलं की चिकट थर लगेच जाणवतो, तोच थर ग्लासवरही असतो. शिवाय आपल्या पुण्यात उंच ग्लास दिसला की त्यात मस्तानी करायचा मोह कोणालाही होतो. जरूर करा, पण तो ग्लास वेगळा ठेवा. आइस्क्रीम, आटवलेलं दूध, पियूष, ताक या सगळ्यांतला स्निग्धांश काचेला धरून बसतो आणि पाण्याने नुसतं खळबळून जात नाही.

धुण्याची पद्धत

ग्लास रिकामा झाला की लगेच गार पाण्याने विसळून ठेवा. रात्रभर तळाशी वाळलेली बिअर सकाळी घासून काढणं फार जिकिरीचं असतं, आणि त्यासाठी जोर लावताना ग्लास हातातून निसटतो. पूर्ण धुणं दुसऱ्या दिवशी केलं तरी चालेल, विसळणं मात्र त्याच रात्री.

धुताना ग्लास सगळ्यात आधी घ्या, तेलकट भांडी नंतर. यासाठी एक मऊ स्पंज आणि एक बाटली घासायचा ब्रश वेगळा ठेवा. हा खर्च नव्या ग्लासच्या मानाने काहीच नाही. तारेची घासणी, राख, खरखरीत पावडर काचेला लावू नका. बारीक चरे पडतात, ते जात नाहीत आणि पुढे मळ तिथेच धरतो. भांड्यांचा लिक्विड साबण चालतो, पण दोन थेंब पुरे. वासाचा, हातांना मऊ करणारा साबण टाळा, कारण असं मऊपण देणारे घटक काचेवरही मागे राहतात. साबणापेक्षा आमचा कौल धुण्याच्या सोड्याला आहे. लिटरभर कोमट पाण्यात एक चमचा धुण्याचा सोडा विरघळवा, ग्लास दहा मिनिटं त्यात ठेवा, ब्रश फिरवा आणि भरपूर पाण्याने धुवा. तेलाचा अंश निघतो आणि वासही राहत नाही. हाताला चुरचुरतं, म्हणून हातमोजे घाला. सोनेरी काठाच्या किंवा छापील चित्राच्या ग्लासला मात्र सोडा लावू नका.

ओठ टेकतात तो काठ नीट घासा. लिपस्टिक, लिप बाम, भजी-चकलीचं तेल सगळं तिथेच साठतं. घासून झालं की ग्लास काठोकाठ भरून दोन-तीन वेळा ओता. वाहत्या नळाखाली नुसता धरून चालत नाही, उंच ग्लासच्या तळाशी साबण राहतोच.

पुसू नका. ग्लास जाळीवर उपडा ठेवून निथळू द्या. फडक्याचे धागे काचेला चिकटतात, आणि पावसाळ्यात ओलसर फडक्याला येणारा कुबट वास ग्लासला लागतो. ओट्यावर किंवा पसरलेल्या टॉवेलवरही उपडा घालू नका. आत हवा कोंडते, वाफ सुकत नाही. खालून वारा खेळेल अशी जाळी हवी.

ओशटपणा निघाला की नाही, हे कसं ओळखाल?

ग्लास पाण्यात बुडवून बाहेर काढा आणि उजेडाकडे धरा. पाणी एकसंध पापुद्र्यासारखं ओघळलं तर ग्लास स्वच्छ. मध्येच फाटून थेंब थेंब झालं, तर तिथे ओशट आहे. अजून खात्री हवी असेल तर ओला ग्लास झटकून आतून बारीक मीठ भुरभुरा. स्वच्छ काचेवर मीठ सगळीकडे सारखं चिकटतं, तेल असेल तिथे मोकळे डाग दिसतात. हे एकदा घरी करून बघाच. बोटाचा ठसा जिथे लागला होता, नेमकी ती जागा कोरी राहते. मीठ धुऊन टाकायला विसरू नका.

तिसरी खूण पिताना दिसते. स्वच्छ ग्लासमध्ये प्रत्येक घोटानंतर फेसाचं एक जाळीदार कडं काचेवर मागे राहतं, एकाखाली एक. ओशट ग्लासमध्ये असं कडं उमटत नाही, फेस नुसता खाली सरकतो. आणि बिअर ओतल्यावर ग्लासच्या बाजूंना बुडबुडे चिकटून बसले, तर तिथे मळ किंवा धागे आहेत असं समजा. काही ग्लासच्या तळाला मुद्दाम बारीक खडबडीत नक्षी केलेली असते, तिथून बुडबुड्यांची धार सतत वर येते. ती मळाची खूण नाही, ती नक्षी घासून काढायचा प्रयत्न करू नका.

पांढरे डाग

खडकवासल्याहून येणाऱ्या महापालिकेच्या पाण्यात बोअरच्या मानाने क्षार कमी असतात. शहराबाहेरच्या ज्या सोसायट्या बोअरवर किंवा टँकरवर आहेत, तिथून पांढऱ्या डागांच्या तक्रारी जास्त येतात. पाणी सुकताना कॅल्शियमचे क्षार काचेवर मागे राहतात. एक भाग पांढरं व्हिनेगर, दोन भाग पाणी, यात वीस मिनिटं ठेवा. किंवा लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्व. डाग जातात. पाणी जड असेल तर शेवटचं विसळणं क्षार काढणाऱ्या आरओ फिल्टरच्या पाण्याने करा, डाग फारसे पडणार नाहीत.

व्हिनेगरनेही धुरकटपणा गेला नाही, तर काचच झिजली आहे. डिशवॉशरमध्ये वारंवार धुतलेल्या ग्लासचं असं होतं, आणि त्यावर उपाय नाही. डिशवॉशरमध्ये चकाकीसाठी वापरतात ते रिन्स एडही काचेवर थर ठेवतं आणि फेस मारतं. बिअरचे ग्लास हातानेच धुवा, असं आम्ही आग्रहाने सांगतो.

ओतण्याआधी

कोरडा ग्लास गार पाण्याने एकदा विसळा आणि झटकून घ्या. धूळ जाते, काच गार होते आणि फेस एकदम उसळत नाही. गव्हाच्या बिअरला याचा विशेष उपयोग होतो, कारण गव्हात प्रथिनं भरपूर, त्यामुळे तिचा फेस मुळातच दांडगा. २००९ साली डुलाली या ब्रुअरीने पुण्यात ताजी बिअर बनवून विकायला सुरुवात केली. आज शहरात अशा ब्रुअऱ्या बऱ्याच आहेत, आणि तिथे चाखून उंच, कमरेत बारीक ग्लास मागायला येणारे ग्राहक आमच्याकडे नेहमी असतात. त्यांना आम्ही सांगतो की या ग्लासमध्ये हात जात नाही, ब्रश नेल्याशिवाय ग्लास नेऊ नका.

ग्लास फ्रीझरमध्ये ठेवू नका. काचेवर बर्फाचे कण धरतात, त्यावर बिअर पडली की ती बेसुमार फेसाळते, वर पातळ होते. फ्रीझरमधल्या मासळीचा वासही त्यात उतरतो.

ठेवताना, हाताळताना

बंद कपाटात ग्लास सुलटा ठेवा. उपडा ठेवला तर कपाटाचा, कागदाचा, डांबरगोळ्यांचा वास आत कोंडतो. धुळीची भीती असेल तर वरून स्वच्छ पातळ कापड टाका. एकात एक घालू नका. फक्त वरच्या बाजूला फुगवटा असलेले ग्लास त्यासाठी बनवलेले असतात. दोन ग्लास अडकलेच तर ओढाताण करू नका. आतल्या ग्लासात गार पाणी भरा आणि बाहेरचा कोमट पाण्यात धरा. बाहेरची काच किंचित प्रसरण पावते आणि ग्लास सुटतो.

गार ग्लासवर उकळतं पाणी ओतू नका. साधी काच उष्णतेने प्रसरण पावते ती बोरोसिलिकेटच्या (उष्णता सोसणाऱ्या खास काचेच्या) जवळजवळ तिप्पट, त्यामुळे आतला आणि बाहेरचा थर वेगवेगळा ताणला जाऊन ती तडकते. जाड दांडीचे मगसुद्धा तडकतात; जाड म्हणजे मजबूत हा समज उष्णतेच्या बाबतीत चुकीचा आहे. उंच दांड्याचा ग्लास पुसायची वेळ आलीच तर एका हाताने बैठक आणि दुसऱ्याने वरचा भाग धरून पिळू नका, दांडा तिथेच तुटतो.

काठाचा टवका उडाला तर ग्लास वापरातून काढा, कितीही आवडता असला तरी. ओठ कापतो आणि काचेचा कण पोटात जाऊ शकतो. सेटमधला एकच ग्लास फुटला असेल तर नवा सेट घ्यायची गरज नाही. आमच्याकडे सुटा मिळतो, फक्त उरलेल्यांपैकी एक सोबत आणा, म्हणजे माप जुळवता येईल.

फुटलेली काच ओल्या-सुक्या कचऱ्यात नुसती टाकू नका. आपला कचरा वेचणाऱ्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई तो हाताने वेगळा करतात. वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्यांत गुंडाळा, चिकटपट्टी लावा, वर मोठ्या अक्षरांत 'काच' लिहा आणि पुडकं त्यांच्या हातात सांगून द्या.