शिंदे, ताराबाई

(सु. १८५० – सु. १९१०). मराठी निबंधकार, स्त्रीपुरुषतुलना (१८८२) या एकाच निबंधामुळे ज्ञात. जन्म वऱ्हाडात बुलढाणा येथे, सधन मराठा कुटुंबात. वडील बापूजी हरी शिंदे हे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क व सत्यशोधक समाजाचे सभासद. चार भावांत ही एकुलती मुलगी. मराठी, संस्कृत व इंग्रजी घरीच शिकली. विवाहानंतर पती घरजावई म्हणून राहिला. अपत्य नव्हते, वैधव्य लवकर आले. जन्ममृत्यूची वर्षे अंदाजानेच दिली जातात.

१८८१ मध्ये सुरतेकडील विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला आपल्या अनौरस अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती जन्मठेप हद्दपारीवर आली. निबंधाचे निमित्त म्हणून बहुधा हा खटलाच सांगितला जातो. मात्र त्यावरून पुणेवैभव पत्राने समस्त स्त्रीजातीवर केलेली शेरेबाजी हे अधिक जवळचे कारण दिसते. निबंधाचा सूर खटल्याच्या कैफियतीचा नाही, उलटतपासणीचा आहे. निबंध पुण्यात श्री शिवाजी छापखान्यात छापला गेला.

उपशीर्षकातील 'साहसी कोण' या शब्दांवर आजचा वाचक अडखळतो. येथे साहस म्हणजे धाडस नव्हे. धर्मशास्त्रात बळजोरीने केलेल्या गुन्ह्याला साहस म्हणत, आणि जुन्या मराठीतही अविचार, अत्याचार हा अर्थ रूढ होता. भर्तृहरीच्या शृंगारशतकात येणाऱ्या एका श्लोकात स्त्रीला संशयांचा भोवरा, अविनयाचे घर, 'पत्तनं साहसानाम्' (साहसांचे नगर), दोषांचा ठेवा, शेकडो कपटांनी भरलेली अशी विशेषणे लावली आहेत. (हाच श्लोक पंचतंत्रातही आढळतो, मूळ कर्तृत्व त्यामुळे निश्चित मानू नये.) ताराबाई ही विशेषणे एकेक करून उचलतात आणि तीच पुरुषांना लावून पाहतात. स्त्रीकडून व्यभिचार घडतो, हे त्या नाकारीत नाहीत. त्याचे मूळ विजोड लग्ने व पुनर्विवाहबंदी यांत दाखवतात. नवरा बाहेर काय वाटेल ते करून झिंगत घरी आला तरी जणू गवळणींचे दूधदही चोरून कृष्णमहाराजच परतले, अशा हसतमुखाने बायकोने त्याचे स्वागत करायचे, हा त्यांच्या मते पुरुषांनी सांगितलेला स्त्रीधर्म. सावित्री यमाच्या दारी गेली. बायकोसाठी त्या वाटेला लागलेला एखादा तरी पुरुष दाखवा, असे त्या विचारतात. भाषा घरगुती, चिडलेली, मधूनच शिवराळ आहे. मुद्द्यांची पुनरुक्ती होते, पण ती खटकत नाही.

निबंधावर टीका झाली असावी. १८८५ मध्ये जोतीराव फुले यांनी आपल्या सत्सार या नियतकालिकाच्या दुसऱ्या अंकात 'चिरंजीविनी' म्हणून त्यांचा उल्लेख करून निबंधाची बाजू घेतली. यानंतरचे ताराबाईंचे लेखन उपलब्ध नाही.

भारतातील पहिले स्त्रीवादी लेखन, असा या निबंधाचा गौरव होतो. 'पहिले' हे विशेषण जपून वापरावे : मुक्ता साळवे यांचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ चा, तर पंडिता रमाबाई यांचे स्त्रीधर्मनीति १८८२ चेच. परंतु रमाबाईंचे ते पुस्तक स्त्रियांनी स्वतःला सुधारावे असा उपदेश करते, ताराबाई पुरुषांकडे जाब मागतात. हा भेद कालक्रमाहून महत्त्वाचा.

विस्मृतीत गेलेला निबंध स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये संपादून पुन्हा प्रसिद्ध केला. रोझलिंड ओ'हॅनलन यांचा इंग्रजी अनुवाद १९९४ चा आहे.