६.५×५५ की ६.५ क्रीडमूर? मूससाठी कमी धक्क्याचं काडतूस निवडताना

६.५×५५ आणि ६.५ क्रीडमूर ही रायफलची दोन काडतुसं. दोन्हींच्या नावात ६.५, दोन्हींत ०.२६४ इंच व्यासाचीच गोळी, दुकानात डबेही शेजारी शेजारी, त्यामुळे नवीन माणसाला वाटतं की वस्तू एकच आहे, कंपन्यांनी नावं वेगळी ठेवलीयत. तसं नाहीये. एकाचं काडतूस दुसऱ्याच्या रायफलमध्ये चालत नाही आणि चालवून बघायचंही नाही. पितळी खोळीची लांबी वेगळी, बुडाची जाडी वेगळी, आतला दाबही वेगळा. खोळीच्या बुडावर कोरलेलं नाव वाचल्याशिवाय काडतूस भरायचं नाही, आणि घरात दोन्ही रायफली असतील तर डबे वेगवेगळ्या कपाटात ठेवा.

भारतात वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे हे सगळं स्वीडन, नॉर्वे, फिनलंड, कॅनडा अशा ठिकाणी राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी, जिथे परवाना काढून, ठरलेल्या कोट्यात मूस, म्हणजे तिकडचं अवाढव्य हरीण, मारतात. स्वीडनमध्ये १९८५ पासून शिकारीची परीक्षा पास व्हावी लागते, आणि ती झाली की पहिला प्रश्न हाच येतो की रायफल कुठली घेऊ.

आधी जुनं काडतूस. ६.५×५५ हे १८९४ चं, स्वीडन आणि नॉर्वे तेव्हा एकाच राजाखाली होते आणि दोघांनी मिळून ते सैन्यासाठी ठरवलं. ५५ म्हणजे खोळीची लांबी, मिलिमीटरमध्ये. सुरुवातीची सैन्याची गोळी १५६ ग्रेनची, म्हणजे साधारण १० ग्रॅमची, लांबलचक आणि गोल नाकाची होती, आणि नळीतले आटे त्या लांब गोळीला नीट फिरवता यावं म्हणून चांगले घट्ट ठेवले, साधारण २०० मिलिमीटरमध्ये एक फेरा. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. सैन्याच्या जुन्या माउझर आणि क्राग रायफली नंतर शिकाऱ्यांच्या हातात आल्या, आणि त्या अजून वापरात असल्यामुळे अमेरिकन मापात या काडतुसाचा दाब कमीच धरलाय, ५१,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड).

क्रीडमूर २००७ चं, हॉर्नडी कंपनीचं. ते काही मूससाठी बनवलेलं नाही, लांब पल्ल्याच्या नेमबाजी स्पर्धेसाठी बनवलं. खोळ आखूड, ४९ मिलिमीटरपेक्षा थोडी कमी, म्हणजे .३०८ या नेहमीच्या आखूड काडतुसाच्या मापाच्या आखूड बोल्टच्या रायफलमध्ये लांब टोकदार गोळी बसवता येते. दाब ६२,००० पीएसआय, त्यामुळे खोळीत दारू कमी मावत असली तरी वेग जवळपास ६.५×५५ एवढाच मिळतो. १४० ग्रेनची गोळी दोन्हींतून सेकंदाला ८०० मीटरच्या आसपास निघते, आणि आधुनिक रायफलमध्ये घरी दारू-गोळी घालून स्वतः भरलेलं ६.५×५५ तर थोडं पुढेही जातं. मूसला यातला फरक कळायचा नाही, पन्नास-शंभर मीटरवर तर नाहीच.

मग फरक पडतो कुठे? गोळीत. लोक काडतुसावर तासन्‌तास भांडतात आणि गोळी मात्र दुकानदार देईल ती घेऊन येतात, हे मला खरंच पटत नाही.

स्वीडनचा नियम बघा, म्हणजे मुद्दा लगेच कळेल. मूसला मारायची गोळी किमान ९ ग्रॅमची हवी, आणि ती ९ ते १० ग्रॅमच्या मधली असेल तर १०० मीटरवर तिच्यात किमान २७०० जूल ऊर्जा राहिली पाहिजे, पण गोळी १० ग्रॅमची किंवा जड असेल तर २००० जूल पुरतात. गोळी फुलणारी हवी, हे तर आहेच. आता १४० ग्रेन म्हणजे ९.०७ ग्रॅम. ती नळीतून ३००० जूलच्या थोडं वर घेऊन निघते आणि १०० मीटरला पोचेपर्यंत २७०० च्या अगदी काठावर येते, गोळीचा आकार आणि नळीची लांबी यावर कधी पास कधी नापास. डब्यावर छापलेला वेग बहुतेक वेळा २४ इंची नळीचा असतो, आणि हल्ली सायलेन्सर लावायचा म्हणून लोक २० इंची नळी घेतात, की गेले ते काठावरचे जूल. हॉर्नडीची १४३ ग्रेनची टोकदार गोळी, जिच्यावर क्रीडमूरवाल्यांचं भारी प्रेम आहे, तीसुद्धा लांब नळीतूनच जेमतेम बसते. याउलट १५६ ग्रेनची गोळी १०.१ ग्रॅमची, वेग कमी असूनही २००० जूल आरामात पार करते. म्हणजे कायद्यानेच वेगापेक्षा वजनाला झुकतं माप दिलंय, आणि माझ्या मते ते बरोबर आहे.

कारण मूस हा हरणाच्याच कुळातला असला तरी आपल्या सांबराच्या मानाने राक्षस आहे. स्कँडिनेव्हियातला मोठा नर चार-पाचशे किलोचा, अलास्कातला त्याहून बराच मोठा. खांद्याचं हाड जाड, छाती रुंद. गोळी दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेली पाहिजे, अर्धवट फुलून खांद्यातच विरघळली तर जनावर जखमी होऊन जंगलात जातं आणि तासन्‌तास तडफडतं. बारीक पण लांब गोळी आत खोल जाते, दाभण जसं कमी जोरात पोत्यातून पार होतं तसं. याला आकडाही आहे: पौंडातल्या वजनाला इंचातल्या जाडीच्या वर्गाने भागायचं. १५६ ग्रेनच्या ६.५ ला ०.३२० येतो, तर .३०-०६ या मोठ्या अमेरिकन काडतुसातल्या १८० ग्रेनच्या गोळीला ०.२७१. एवढ्या मोठ्या काडतुसाची गोळी इथे मागे पडते, म्हणून शंभराहून जास्त वर्षं स्वीडनचे शिकारी या 'छोट्या' ६.५ ने मूस मारत आलेत.

बांधणीही तेवढीच महत्त्वाची. लांब पल्ल्यासाठी बनवलेल्या टोकदार गोळ्या दूरवर, वेग उतरल्यावरही फुलाव्यात म्हणून नरम ठेवतात, त्याच गोळ्या ४० मीटरवर पूर्ण वेगात हाडाला लागल्या तर जास्तच फुटू शकतात, आणि स्वीडनच्या दाट जंगलात कुत्र्याने अडवून धरलेला मूस बऱ्याचदा इतकाच जवळ असतो. तिथे नॉर्मा ओरिक्स किंवा लापुआ मेगासारखी जड, संथ गोळी घ्यावी. ओरिक्समध्ये आतलं शिसं बाहेरच्या तांबेरी आवरणाला चिकटवलेलं असतं, त्यामुळे फुलली तरी वजन टिकतं. नुसत्या तांब्याची गोळी वेगळा विषय आहे, ती हाडाला भारी पण वजनाने हलकी, १२० ग्रेनची म्हणजे ७.८ ग्रॅम, आणि मग स्वीडनच्या ९ ग्रॅमच्या अटीतच अडकते.

१५६ ग्रेन क्रीडमूरमध्येही मिळते, आटेही पुरेसे घट्ट असतात, पण आखूड खोळीत एवढी लांब गोळी बसवली की ती आत दारूची जागा खाते. ५५ मुळातच त्या गोळीसाठी घडलेलं, म्हणून तिथे ती मोकळेपणाने बसते. जड गोळी हाच तुमचा बेत असेल तर मी ५५ म्हणेन. कॅनडात राहत असाल, डबा कुठल्याही गावात मिळायला हवा असेल, रायफल आखूड आणि हलकी हवी असेल, तर क्रीडमूर घ्या, पण १४० ग्रेनची चिवट बांधणीची गोळी, नॉस्लर पार्टिशनसारखी, आणि अंतर माफक ठेवा. फक्त जुन्या सैनिकी रायफलमध्ये स्वतः भरलेली जास्त दाबाची काडतुसं घालू नका, ती नव्या रायफलींसाठी असतात.

धक्क्यात दोघांत फरक नाही म्हटलं तरी चालेल. त्याच वजनाच्या रायफलमधून .३०-०६ जेवढा मारतो त्याच्या साधारण दोन-तृतीयांश. हा फक्त खांद्याच्या सुखाचा प्रश्न नाही, धक्का कमी असला की माणूस चाप ओढताना डोळे मिटत नाही, सराव जास्त करतो आणि दुसरी गोळी लगेच मारू शकतो. आणि ती मारावीच लागते, कारण फुप्फुसात बरोबर लागलेला मूसही बऱ्याचदा काही झालंच नाही असा उभा राहतो किंवा चालू लागतो. उभा असेपर्यंत आणखी एक गोळी, छातीतच. नॉर्वेत दरवर्षी शिकारीआधी १०० मीटरवर ३० सेंटिमीटरच्या गोलात पाचही गोळ्या बसवून दाखवाव्या लागतात, तेवढं जमेपर्यंत कुठल्याही देशात मूसवर बंदूक उचलू नये. आणि पडला नाही तर? स्वीडनमध्ये जखमी जनावराचा माग काढणारा शिकवलेला कुत्रा दोन तासांत तिथे पोचेल अशी सोय आधीच करून ठेवावी लागते, तेव्हा गोळ्यांचा डबा घ्यायच्या आधी त्या कुत्रेवाल्याचा फोन नंबर घ्या.