माहेरच्या सातबाऱ्यावर लेकीचं नाव: वारस नोंदीचा अर्ज

वडील गेले की तेराव्यानंतर भाऊ तलाठ्याकडे जातात, आणि वारसांच्या यादीत बहिणी कधी नसतात, कधी 'इतर हक्क' रकान्यात ढकललेल्या असतात. वारस नोंद करताना खरी नजर ठेवायची ती याच रकान्यावर. लेकीचं नाव भावाच्या बरोबरीने भोगवटादार सदरीच, म्हणजे जमीनधारकांच्या रकान्यातच हवं.

हिंदू, बौद्ध, जैन, शीख मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच वाटा आहे. तो 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झालेल्या हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीने मिळाला. त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. लग्न कधी झालं, हुंडा किती दिला, याचा काही संबंध नाही. मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेलं वाटप मोडत नाही. वारसांपैकी एखादी बहीण आधीच वारली असेल, तर तिच्या जागी तिची मुलं येतात. त्यांना हमखास विसरलं जातं.

अर्ज तलाठ्याकडे (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) किंवा ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवर करता येतो. मृत्यूनंतर तीन महिन्यांत कळवायचं असतं, पण उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. सोबत मृत्यू दाखला, चालू सातबारा आणि आठ-अ (खाते उतारा), सगळ्या वारसांची नावं-पत्ते असलेलं प्रतिज्ञापत्र, आधारची प्रत. सासरचं नाव वेगळं असल्याने शाळा सोडल्याचा दाखला आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडा, नाहीतर 'ही तीच कशावरून' इथेच घोडं अडतं.

मग फेरफार, म्हणजे हक्कातल्या बदलाची नोंद धरली जाते, सर्व हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. भावाने हरकत घेतलीच तर सुनावणी होते, त्या तारखेला जायचं.

आता हक्कसोडपत्राबद्दल. राखीच्या आसपास 'एक सही कर ताई' म्हणून कागद पुढे येतो. स्टॅम्पवर नोटरी केलेल्या कागदाने जमिनीतला हक्क सुटत नाही, दस्त दुय्यम निबंधकांकडे नोंदवावाच लागतो. आणि एकदा नोंदवला की परत फिरवणं महाकठीण. वाचल्याशिवाय सही नको, भाऊ कितीही लाडका असो.

नाव डावलून फेरफार मंजूर झाला, तर साठ दिवसांत प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपील करता येतं. सातबाऱ्यावरची नोंद महसुलापुरती असते, मालकीचा वाद दिवाणी न्यायालयातच मिटतो. त्यामुळे वाटपाचा दावा लावायचा तर फेरफाराची प्रत आणि जुने सातबारे आधीच काढून ठेवा.