हिमोग्लोबिन १८ म्हणजे घोडा भारी?

चिंचली मायाक्काच्या जत्रेआधी आमच्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक घोडा विकायला निघाला होता. फोटो, पळतानाचे व्हिडिओ, 'पुण्याच्या रेसचा वंश' अशी ओळ, आणि खाली चक्क लॅबचा रिपोर्ट : हिमोग्लोबिन १८. निपाणीपासून अथणीपर्यंत घोडागाडीच्या शर्यतींचा नाद असलेल्या मंडळींनी तो रिपोर्ट एकमेकांना पाठवून पाठवून घोड्याची किंमत वाढवली. अंगावरचे भोवरे, म्हणजे केसांचे गोल वळसे, बघून घोडा घेणाऱ्यापेक्षा रक्त तपासून घेणारा कधीही बरा. देवमण नावाचा शुभ भोवरा आणि पंचकल्याणी, म्हणजे पांढऱ्या पायांवर वेग ठरत असता, तर पुण्या-बेंगळुरूच्या ट्रेनरांनी पहाटे स्टॉपवॉच घेऊन कशाला उभं राहिलं असतं? पण हा १८ चा आकडाही फसवा आहे.

वंशाचं आधी उरकू. रेसचा घोडा म्हणजे थरोब्रेड जातीचा. जगातल्या कुठल्याही थरोब्रेडची बापाकडची वंशरेषा मागे नेली, की ती बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तीन घोड्यांपैकी एकापाशी जाऊन थांबते. वंशातून काही गोष्टी नक्की येतात. मायोस्टॅटिन हे जनुक स्नायूंच्या वाढीला आवर घालतं. त्याचा कुठला प्रकार आई-बापाकडून आला, यावर घोडा कमी अंतराला तेज की लांब पल्ल्याला, याचा अंदाज येतो. डब्लिनच्या संशोधकांनी २०१० मध्ये हे दाखवून दिलं. मात्र घोडा जिंकेल की नाही, हे त्यातून कळत नाही.

आता खरी गंमत. घोड्याच्या पोटात डाव्या बाजूला प्लीहा असते, म्हणजे आपण जिला पानथरी म्हणतो ती. माणसाची प्लीहा मुठीएवढी आणि राखीव साठ्याच्या बाबतीत अगदीच किरकोळ. घोडा निवांत उभा असताना त्याच्या एकूण तांबड्या पेशींपैकी एकतृतीयांश किंवा त्याहूनही जास्त पेशी प्लीहेत साठवलेल्या असतात. तिच्या आवरणात स्नायू असतात. घोडा बिथरला किंवा धावू लागला, की अ‍ॅड्रेनॅलिनच्या जातीची रसायनं सुटतात, ते स्नायू आवळतात आणि साठा रक्तात ओतला जातो. हिडकल धरणाचे दरवाजे उघडल्यावर घटप्रभा फुगावी, तसं काहीसं. फरक एवढाच, की हे काम मिनिटाच्या आत उरकतं.

रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण किती, हे हिमॅटोक्रिटवरून कळतं. निवांत थरोब्रेडमध्ये ते ४० टक्क्यांच्या आसपास असतं, भरधाव पळताना ६० ते ६५ वर जातं. १०० मिलीलीटर रक्तात १४ ग्रॅमच्या आसपास असलेलं हिमोग्लोबिन २२ च्या घरात पोचतं. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलीलीटर ऑक्सिजन वाहतं. म्हणजे १०० मिलीलीटर रक्ताची क्षमता १९ मिलीलीटरवरून २९ वर गेली. त्यात विश्रांतीला मिनिटाला ३०-३५ पडणारे हृदयाचे ठोके २२० च्या वर जातात, तेव्हा हा गुणाकार कुठल्या कुठे पोचतो बघा. सायकलपटूंच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं १९९७ मध्ये तांबड्या पेशी कृत्रिमपणे वाढवण्याच्या लबाडीला आळा घालायला पुरुषांसाठी हिमॅटोक्रिटची मर्यादा ५० ठेवली होती. घोडा त्या नियमात पहिल्याच दिवशी बाद झाला असता.

म्हणजे रिपोर्टवरचे १८ कुठून आले असतील? अनोळखी माणूस सुई घेऊन आला, बाजूला मोटारसायकली हॉर्न वाजवतायत, दोघांनी लगाम धरून ठेवलाय. घोडा बुजला, प्लीहा आवळली, आकडा चढला. घोड्याचा दम त्यात मोजलाच गेला नाही, मोजली गेली ती भीती. रक्त घ्यायचंच तर घोडा स्वतःच्या तबेल्यात शांत असताना, रोजच्या सईसाच्या हातात असताना घ्यावं. पळून आला असेल तर निदान तास-दोन तास जाऊ द्यावेत, म्हणजे पेशी प्लीहेत परततात.

मोठ्या हृदयाच्या गोष्टीही अशाच फुगवल्या जातात. अमेरिकेतली १९७३ ची बेलमाँट शर्यत घोड्याच्या तब्बल ३१ लांबींनी जिंकणाऱ्या सेक्रेटेरिएट या घोड्याचं हृदय १० किलोंचं होतं, असं सगळीकडे छापून येतं. ते कुणी तराजूत टाकलंच नव्हतं. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचा तो अंदाज होता. फार लॅप या ऑस्ट्रेलियात गाजलेल्या रेसच्या घोड्याचं हृदय मात्र खरोखर कॅनबेरात जपून ठेवलेलं आहे, आणि ते ६.२ किलोंचं आहे.

या दाट रक्ताची किंमत फुफ्फुसं मोजतात. घट्ट रक्त जोरानं ढकलताना फुफ्फुसाच्या धमनीतला दाब विश्रांतीच्या तीन-चार पट होतो. भरधाव घोडा प्रत्येक झेपेला एक श्वास घेतो, तोही फक्त नाकानं. आतून रक्ताचा दाब, बाहेरून श्वासाची ओढ, आणि मधे केसापेक्षा कितीतरी बारीक भिंतींच्या केशवाहिन्या. त्या फुटतात. रेसनंतर दुर्बीण घालून श्वासनलिका पाहिली, तर बहुतेक घोड्यांत थोडंफार रक्त सापडतं. नाकपुडीपर्यंत येतं ते मोजक्यांच्याच. आपल्याकडे गाडी थांबल्यावर घोड्याच्या नाकाला रक्त दिसलं, की 'उष्णता झाली' म्हणून डोक्यावर पाणी ओततात. पाण्यानं घोडा गार होईलही, पण रक्त फुफ्फुसातून आलंय. त्या घोड्याला पुढच्या आठवड्याच्या मैदानात जुंपू नका, आधी गुरांच्या डॉक्टरांना दाखवा.