राणीविहीन मधमाशी वसाहतीस नवी राणी मिळवून देणे

राणी नाहीशी झालेल्या मधमाश्यांच्या वसाहतीत दुसरी राणी तयार व्हावी, किंवा बाहेरून आणलेली राणी त्या वसाहतीने स्वीकारावी, यासाठी मधपाळ जे उपाय करतो त्यांचा विचार या नोंदीत केला आहे. वसाहतीत फलित अंडी घालणारी राणी ही एकच मादी असते. कामकरी माश्याही माद्याच असतात, परंतु त्यांचा नराशी संयोग होत नाही. म्हणून राणी गेली त्याच दिवशी नव्या कामकरी माश्यांचा जन्म केव्हा थांबणार हे ठरून जाते. पुढील विवेचन मुख्यतः सह्याद्रीत पाळल्या जाणाऱ्या सातेरी मधमाशीविषयी (एपिस सेराना इंडिका) आहे. १९६२ नंतर उत्तर भारतात स्थिरावलेल्या मेलिफेरा या युरोपीय वंशाच्या माशीचा उल्लेख तुलनेपुरता येतो.

राणी जाण्याची कारणे साधी असतात. पेटी तपासताना दोन चौकटींच्या (माश्या ज्यांत पोळी बांधतात त्या लाकडी चौकटींच्या) मध्ये राणी चिरडली जाणे हे मधपाळाच्या हातून घडणारे सर्वांत सामान्य कारण होय. वसाहत फुटल्यानंतर, म्हणजे जुनी राणी बऱ्याच माश्यांसह दुसरीकडे निघून गेल्यानंतर, मागे राहिलेली कुमारी राणी नरांशी मीलनासाठी बाहेर उडते, तेव्हा वेडा राघू, कोतवाल यांसारखे पक्षी तिला टिपतात किंवा परतताना ती चुकून शेजारच्या पेटीत शिरते आणि मारली जाते. याच कारणासाठी पेट्या एका रांगेत एकसारख्या न मांडता त्यांची तोंडे वेगवेगळ्या दिशांना ठेवणे, जवळ ओळखीची झुडपे असू देणे हितावह ठरते.

राणी दिसली नाही एवढ्यावरून वसाहत राणीविहीन ठरवू नये. सातेरीची राणी चपळ असते, चौकट उचलताच पोळ्याच्या दुसऱ्या बाजूस जाते आणि अनुभवी डोळ्यांसही अनेकदा सापडत नाही. खरा पुरावा अंड्यांचा. अंडे पहिल्या दिवशी पोळ्यातील घराच्या तळावर उभे असते, दुसऱ्या दिवशी कलते आणि तिसऱ्या दिवशी आडवे होते, त्यानंतर त्यातून अळी बाहेर पडते. उभी अंडी दिसली तर राणी कालपरवापर्यंत तरी त्या पेटीत होती हे निश्चित होते. अंडी नाहीत, अळ्या नाहीत, केवळ झाकलेला पिलावा (घरांत वाढणारी पिल्ले) आहे, पेटी उघडताच माश्या अस्वस्थ होऊन विखुरल्यासारख्या पळतात आणि नेहमीच्या गुंजारवाऐवजी लांबलेला, विव्हळल्यासारखा आवाज येतो, ही सर्व लक्षणे एकत्र दिसली म्हणजे संशय बळावतो. तरीही त्या पेटीत अद्याप अंडी न घालणारी कुमारी राणी असू शकते, आणि अशा वेळी बाहेरची राणी आत सोडली तर ती फुकट जाते.

हा संशय फेडण्यासाठी परीक्षेची चौकट देण्याची रीत आहे. दुसऱ्या निरोगी वसाहतीतून ताजी अंडी आणि अगदी लहान अळ्या असलेले एक पोळे काढून, त्यावर राणी नाही याची खात्री करून व माश्या झटकून, ते संशयित पेटीच्या मध्यभागी ठेवतात. वसाहत खरोखरच राणीविहीन असेल तर दोन-तीन दिवसांत त्या पोळ्यावर शेंगदाण्याच्या शेंगेसारखी, खाली लोंबणारी राणीघरे बांधावयास सुरुवात होते. ती बांधली गेली नाहीत तर आत कोणती तरी राणी आहे असे धरून आठवडाभर वाट पाहावी. या एका चौकटीने प्रश्नाचे उत्तर मिळते आणि त्याच वेळी उपायही सुरू होतो, म्हणून थोड्या पेट्या असलेल्या मधपाळाने दुसरे काही करण्याआधी हेच करावे.

परीक्षेची चौकट ज्या तत्त्वावर आधारलेली आहे ते सॅक्सनीतील धर्मोपदेशक आडाम गॉटलोब शिराख यांनी १७६०च्या दशकात दाखवून दिले. राणीसाठी वेगळे अंडे नसते. ज्या अंड्यातून कामकरी माशी झाली असती त्याच अंड्यातून, अळी पुरेशी लहान असताना तिला निराळे अन्न मिळाल्यास, राणी होते. सर्व अळ्यांना सुरुवातीचे सुमारे तीन दिवस दाया माश्यांच्या ग्रंथींतून स्रवणारे दुधाळ अन्न मिळते. पुढे कामकरी होणाऱ्या अळीच्या अन्नात मध आणि पराग मिसळले जातात, तर राणी होणाऱ्या अळीस ते दुधाळ अन्न, म्हणजे रॉयल जेली, शेवटपर्यंत भरपूर मिळते. तीन दिवसांपेक्षा मोठ्या अळीपासून चांगली राणी होत नाही. म्हणून राणी गेल्यानंतर साधारण सहा दिवसांत त्या वसाहतीजवळ राणी घडविण्याजोगे काहीच शिल्लक राहत नाही.

राणी गेल्याची जाणीव माश्यांना काही तासांतच होते, कारण राणीच्या जबड्याजवळील ग्रंथींतून स्रवणारे गंधद्रव्य तिच्या भोवतीच्या माश्यांच्या स्पर्शाने वसाहतभर फिरत असते आणि राणी नसली की त्याचा पुरवठा तुटतो. त्यानंतर पिलाव्याच्या घरांतील काही अळ्या निवडून त्यांभोवतीची घरे मोठी केली जातात. पोळ्याच्या मधोमध आढळणारी ही आणीबाणीची राणीघरे होत. वसाहत फुटण्यापूर्वी बांधली जाणारी राणीघरे बहुधा पोळ्याच्या खालच्या कडेला असतात आणि त्यांतील अळ्यांना पहिल्या क्षणापासून राणीचे पोषण मिळालेले असते. त्यामुळे त्यांतून निघणारी राणी सहसा अधिक भरदार असते.

वेळेचा हिशेब प्रत्येक मधपाळास पाठ असावा. अंड्यापासून राणी बाहेर पडेपर्यंत सुमारे १५ ते १६ दिवस लागतात. माश्यांनी एक दिवसाची अळी निवडली असेल तर राणी गेल्यापासून बाराव्या दिवसाच्या सुमारास नवी राणी बाहेर येते. ती पक्व होऊन मीलनासाठी उडण्यास आणखी पाच-सहा दिवस जातात, आणि मीलनानंतर दोन-चार दिवसांनी ती अंडी घालू लागते. म्हणजे सर्व काही सुरळीत झाले तरी पहिले अंडे तीन आठवड्यांच्या आत क्वचितच पडते, आणि त्या अंड्याची कामकरी माशी होण्यास आणखी जवळजवळ तीन आठवडे लागतात. दरम्यान जुन्या राणीच्या शेवटच्या अंड्यांतील माश्या विसाव्या दिवसाच्या सुमारास बाहेर पडून गेलेल्या असतात. कामाच्या हंगामात कामकरी माशी सुमारे सहा आठवडे जगते हे लक्षात घेतले की, नव्या राणीची पहिली लेक जन्मते तेव्हा वसाहतीतील सर्वांत तरुण माशीचेही निम्मे आयुष्य सरलेले असते, हे उघड होते. मजबूत वसाहत हा खड्डा ओलांडते. दोन-तीन चौकटींपुरत्या माश्या उरलेली वसाहत ओलांडत नाही, तिच्यावर मेणकिडा (पोळ्याचे मेण खाणारी अळी) पडतो.

हे गणित ऋतूवर अवलंबून असते, आणि महाबळेश्वर, जावळी या भागांत तर ऋतू हाच निर्णायक घटक ठरतो. राणीस जन्म देणे माश्यांच्या हातात असले तरी तिचे मीलन उघड्या आकाशात, अनेक नरांशी आणि स्वच्छ उन्हात व्हावे लागते. या वेळी मिळालेले शुक्राणू राणी आपल्या शुक्रकोषात आयुष्यभर साठवून वापरते. वसंतात जांभूळ, गेळा, हिरडा यांच्या फुलोऱ्याच्या काळात वसाहतींत नर भरपूर असतात. नरांच्या घरांची झाकणे टोकदार असून सातेरीत त्या टोकावर बारीक छिद्र असते, त्यावरून नरांचा पिलावा सहज ओळखता येतो. शेजारच्या पेट्यांत असा पिलावा दिसत असेल तर नवी राणी घडवून घेण्यास हरकत नाही. वर्षाकाठी ५,००० मि.मी.हून अधिक पाऊस पडणाऱ्या महाबळेश्वरी जुलैत मात्र नर नसतात, ऊन नसते आणि बाहेर अन्नही नसते. त्या दिवसांत जन्मलेली राणी मीलनावाचून राहिली तर तिच्या अंड्यांतून केवळ नरच निपजतात. पावसाळ्यात राणी गेलेल्या सातेरी वसाहतीस राणी घडविण्यास भाग पाडणे म्हणजे तिचा शेवट लांबविणे होय. तिचे दुसऱ्या वसाहतीशी एकत्रीकरण करणे हाच त्या वेळचा योग्य मार्ग आहे.

राणी कोठून मिळवावी, याचे पहिले उत्तर स्वतःच्याच मधुवनातील (मधपाळाच्या पेट्या ठेवलेल्या जागेतील) उत्तम वसाहत हे आहे. जिच्या माश्या शांत आहेत, जी वारंवार फुटत नाही, अन्नटंचाईत पेटी सोडून जात नाही आणि मध चांगला साठवते, तिच्या पोळ्यावरील अंडी द्यावीत. सातेरीत पेटी सोडून जाण्याची प्रवृत्ती मोठी असल्याने हा गुण मधाच्या वजनाइतकाच महत्त्वाचा मानावा. मात्र सर्व पेट्यांना एकाच आईच्या लेकी देणे धोक्याचे असते. जवळच्या नात्यातील नराशी मीलन झाल्यास काही फलित अंड्यांतून द्विगुणित गुणसूत्रांचे नर निपजतात आणि कामकरी माश्या अशा अळ्या जन्मताच खाऊन टाकतात, हे पोलंडचे संशोधक येझी वॉयके यांनी १९६३ मध्ये सिद्ध केले. असा पिलावा भोके पडल्यासारखा, विरळ दिसतो. जंगलातील झाडांच्या ढोलीतून वा दगडांच्या कपारीतून सातेरीच्या नव्या वसाहती आणून पेटीत बसविण्याची सह्याद्रीतील जुनी पद्धत या दृष्टीने उपकारक ठरली आहे, कारण तिच्यामुळे मधुवनात नवे रक्त येत राहते.

दुसरा स्रोत म्हणजे फुटण्याच्या तयारीत असलेल्या वसाहतीतील पिकलेले राणीघर. राणी बाहेर पडण्यास एक-दोन दिवस उरले असताना माश्या राणीघराच्या टोकावरील मेण खरवडून काढतात आणि आतील कोषाचा तपकिरी धागा उघडा पडतो. असे राणीघर पोळ्याच्या लहान तुकड्यासह धारदार चाकूने कापावे, टोक सदैव खाली ठेवावे, झटका बसू देऊ नये आणि राणीविहीन पेटीतील पिलाव्याच्या चौकटीत, माश्यांच्या दाटीत अडकवावे. तीन दिवसांनी ते पाहावे. टोकाला गोल झाकण उघडल्यासारखे दिसले तर राणी नीट बाहेर आली आहे. कुशीला भोक पाडलेले असेल तर माश्यांनी किंवा आधीच असलेल्या दुसऱ्या राणीने आतील राणी मारली आहे. पिकलेले राणीघर दिल्याने वसाहतीचे जवळजवळ दहा दिवस वाचतात.

मीलन झालेली, अंडी घालणारी राणी देणे हा सर्वांत जलद उपाय होय. मेलिफेराच्या व्यवसायात अशा राण्या मोठ्या संख्येने तयार करून विकल्या जातात. त्यामागील तंत्र, म्हणजे लहान अळ्या मेणाच्या कृत्रिम प्याल्यांत उचलून ठेवून त्या राणीविहीन माश्यांकडून वाढवून घेणे, अमेरिकेतील गिल्बर्ट डूलिटल यांनी १८८९ मध्ये पद्धतशीरपणे मांडले. सातेरीसाठी असा बाजार रुजलेला नाही आणि मेलिफेराची राणी सातेरीच्या वसाहतीस चालत नाही. त्या दोन भिन्न जाती आहेत व त्यांच्या संकरातून संतती होत नाही. त्यामुळे वसंतात दोन-तीन चौकटींची एखादी लहान वसाहत राणीसह वेगळी राखून ठेवणे सातेरीच्या मधपाळास फार उपयोगी पडते. तशा राखीव राणीचे मोल पावसाळ्याच्या तोंडावर कळते.

परकी राणी थेट सोडल्यास माश्या तिच्याभोवती घट्ट गोळा करून तिला मारतात, म्हणून ती जाळीच्या लहान पिंजऱ्यातून देतात. पिंजऱ्याचे तोंड पिठीसाखर आणि मध घट्ट मळून केलेल्या गोळ्याने बंद करतात. माश्या तो गोळा खाऊन वाट मोकळी करतात, तोवर राणीस पेटीचा गंध चढतो. हा मध रोगमुक्त वसाहतीचाच असावा. पिंजरा देण्यापूर्वी पेटीतील सर्व राणीघरे मोडावीत, संध्याकाळी तो पिलाव्याजवळ ठेवावा, पाक पाजावा आणि निदान चार दिवस पेटी उघडू नये. घाईने केलेली तपासणी ही नव्या राणीच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. राणीभोवती गोळा झालेला दिसलाच तर तो उचलून कोमट पाण्यात टाकावा. माश्या सुटतात आणि राणी पुन्हा पिंजऱ्यात घेता येते.

उपायास उशीर झाला की कामकरी माश्या स्वतः अंडी घालू लागतात. पिलाव्याचा गंधही त्यांच्या अंडाशयांना दाबून ठेवीत असतो, तो संपला की हा बदल वेगाने होतो, आणि सातेरीत तो मेलिफेरापेक्षा बराच लवकर होतो. एका घरात अनेक अंडी, तीही तळाऐवजी भिंतींना चिकटलेली (कामकरी माशीचे पोट तळापर्यंत पोहोचत नाही), आणि कामकरी माश्यांच्या घरांत उंच झाकणांचे नर, ही त्याची खूण. नव्याने अंडी घालू लागलेली तरुण राणीही कधीकधी एका घरात दोन अंडी टाकते, परंतु ती तळाशी असतात आणि आठवडाभरात प्रकार थांबतो. अंडी घालणाऱ्या कामकरी माश्यांची वसाहत परकी राणी बहुधा स्वीकारत नाही. दर चार-पाच दिवसांनी उघड्या पिलाव्याची चौकट देत राहिल्यास ती कधीकधी वळणावर येते, पण त्यासाठी दुसरी वसाहत पुन्हा पुन्हा उघडी करावी लागते. १९९१-९२ मध्ये दक्षिण भारतातील सातेरी वसाहतींचा प्रचंड संहार करणारा थाई सॅकब्रूड हा विषाणुजन्य रोग पिलाव्यातूनच पसरतो, म्हणून पोळी इकडून तिकडे नेताना अळ्या पिशवीसारख्या फुगून मेलेल्या नाहीत ना हे प्रत्येक वेळी पाहणे अनिवार्य आहे.

एकत्रीकरणासाठी राणी असलेल्या सबळ वसाहतीच्या पिलावा कक्षावर वर्तमानपत्राचा एक कागद पसरून त्यास सुईने थोडी छिद्रे पाडतात आणि त्यावर राणीविहीन वसाहतीचा कक्ष ठेवतात. पेट्या दूर असतील तर त्या आधी काही दिवस रोज थोड्या थोड्या सरकवून जवळ आणतात, म्हणजे जुन्या जागी परतून माश्या वाया जात नाहीत. हे काम संध्याकाळी करतात. दोन्ही बाजूंच्या माश्या कागद कुरतडतात तोवर त्यांचे गंध मिसळलेले असतात आणि पेटीच्या तोंडाशी कागदाचा भुगा पडू लागतो. त्यानंतर तीन-चार दिवसांनी वरच्या कक्षातील नरांचा पिलावा असलेली पोळी काढून मेणासाठी वितळवतात व उरलेल्या चौकटी खालच्या राणीच्या स्वाधीन करतात. पुढच्या वसंतात हीच वसाहत दोन भागांत विभागून गेलेली पेटी पुन्हा उभी करता येते.