कोकणचा शिपाई कशासाठी लढला?

कोकणातून फौजेत गेलेल्या माणसांबद्दल आपल्याकडे दोन तऱ्हेनं बोललं जातं. स्मारकापुढच्या भाषणात तो मातृभूमीसाठी गेलेला असतो. घरच्या ओसरीवर मात्र म्हातारी माणसं सरळ सांगतात की शेतात भागत नव्हतं, खाणारी तोंडं बरीच होती, म्हणून भरती झाला. ही दोन्ही उत्तरं खरी आहेत, कारण ती दोन वेगळ्या प्रश्नांची आहेत. भरतीच्या रांगेत माणूस का उभा राहतो हा एक प्रश्न. समोरून गोळ्या येत असताना तो मागे का वळत नाही हा दुसरा. पहिल्याचं उत्तर पोटापाशी सापडलं म्हणून दुसऱ्याचं मोल तसूभरही कमी होत नाही. या किनाऱ्याचा साडेतीनशे वर्षांचा लष्करी इतिहास वाचताना मला हे पुन्हा पुन्हा जाणवतं.

सुरुवात शिवकाळापासून करावी लागते. चिपळूणजवळ हळवर्ण इथं छावणी करून राहिलेल्या लष्कराला राज्याभिषेकाच्या आसपास शिवाजी महाराजांनी लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा आणि वैरण जपून वापरा, रयतेच्या गवताच्या काडीलाही हात लावू नका, नाहीतर लोकांना तुमच्यापेक्षा मोगल बरा वाटेल, असा त्याचा आशय. ‘आपलं राज्य’ ही भावना घोषणेनं रुजत नाही, शिपाई कुणब्याच्या दारात कसा वागतो यावर ती ठरते, हे त्या पत्राच्या ओळीओळीत आहे. शिपायाच्या बाजूचा विचारही तेवढाच रोखठोक होता. प्रतापगडच्या युद्धानंतर जखमींना जखम पाहून दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस असे होन (सोन्याची नाणी) दिले, पडलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतलं, मूल नसेल तर बायकोला निम्मं वेतन लावून दिलं, अशी नोंद सभासदाच्या बखरीत आहे. आपण पडलो तर मागं चूल विझणार नाही, हे माहीत असलेला माणूस वेगळ्या जोरानं लढतो. निष्ठा आणि वेतन यांच्यात तेव्हा कोणाला विरोध दिसत नव्हता.

समुद्रावर हे आणखी ठळक होतं. मराठ्यांच्या आरमारात कोळी, भंडारी, गाबीत, खारवी होते आणि कोकणी मुसलमानही होते. दर्यासारंग आणि दौलतखान ही तर आरमाराच्या सरदारांचीच नावं. १६७९ च्या पावसाळ्यात मायनाक भंडाऱ्यानं थळसमोरच्या खांदेरी बेटावर माणसं उतरवली आणि तट बांधायला घेतला. मुंबईकर इंग्रजांनी जहाजं लावून बेटाची कोंडी केली, पण भरती-ओहोटी आणि खडक पाठ असलेल्या छोट्या होड्या रात्रीच्या काळोखात त्यांना हुलकावणी देत सामान पोचवत राहिल्या. शेवटी इंग्रजांनाच माघार घ्यावी लागली. या होड्या वल्हवणाऱ्यांची नावं कुठं लिहिलेली नाहीत. त्यांच्या धाडसाचा मोठा भाग म्हणजे त्यांचं पाण्याचं ज्ञान होतं. ज्या खडकाला परका तांडेल घाबरतो, त्याच खडकाच्या आडून जाता येतं हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं.

जंजिऱ्याच्या लाय पाटलाची गोष्ट याच काळातली म्हणून सांगतात. सिद्दीच्या तटाला त्यानं रात्री शिड्या लावल्या, पण मागून येणारी कुमक वेळेवर आली नाही आणि बेत फसला. तरीही महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला. दर्यावर राहणाऱ्यानं पालखी घेऊन काय करायचं, असं म्हणून त्यानं तो नाकारला. मग महाराजांनी ‘पालखी’ नावाचं गलबतच बांधवून त्याला दिलं. गोष्टीतला कथेचा भाग बाजूला ठेवला तरी ती कोळीवाड्यांत इतकी वर्षं टिकली याला अर्थ आहे. काम फसलं तरी हिंमत ओळखली गेली, आणि ज्याला जे शोभेल ते त्याला मिळालं.

आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी आरमाराचा खर्च मुलखाच्या ठरलेल्या उत्पन्नातून चालवावा, समुद्रावरच्या मिळकतीवर सोडू नये, असं बजावलं आहे. लुटीवर पोसलेलं आरमार सावकारांना छळतं आणि बंदरं मोडतं, हे त्यामागचं कारण. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊनही कान्होजी आंग्र्यांचा अलिबागचा कुलाबा किल्ला घेऊ शकले नाहीत. ते बळ उभं करायला दोन पिढ्या गेल्या होत्या. १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला, तो पेशवे आणि इंग्रज मिळून चाल करून आल्यावर. तुळाजी आंग्र्यांच्या आरमाराचा तिथं अंत झाला आणि दर्यावर्दी घरांतली तरुण पोरं दुसऱ्या चाकऱ्या शोधू लागली.

ती चाकरी कंपनी सरकारकडे होती. मुंबईच्या पलटणींना माणसं हवी होती आणि ती दक्षिण कोकणातून मिळत होती. मराठे, महार, मुसलमान, भंडारी, सगळे गेले. जमीन वरकस, पीक एकच, भाताचं, आणि तेही खोताच्या वाट्यातून उरेल तेवढं. १८१८ नंतर दापोलीला छावणी पडली. आजही लोक ‘कॅम्प दापोली’ म्हणतात ते त्यामुळे. निवृत्त शिपाई तिथंच राहू लागले आणि पेन्शनरांची एक वस्ती तयार झाली.

या वस्तीपाशी थोडं थांबायला हवं, कारण शौर्यामागच्या प्रेरणेचा असा धडा महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच सापडेल. महार शिपायाला गावात पाणवठ्यावर जागा नव्हती. पलटणीत त्याला गणवेश, हुद्दा आणि हातात बंदूक मिळाली. पलटणींच्या शाळांमुळे त्याची पोरं लिहायला-वाचायला शिकली. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ ला पडलेल्यांची जी नावं कोरली आहेत, त्यांतली कितीतरी ‘नाक’ या शब्दानं संपतात, म्हणजे ती महार शिपायांची आहेत. ते कोणत्या बाजूनं लढले यावर आज वाद घालणाऱ्यांनी आधी हे पाहावं की त्या काळात कोणत्या बाजूला त्यांना माणूस म्हणून उभं राहता येत होतं. देशभक्तीचं माप त्यांना लावायचं, तर देशानं त्यांना काय दिलं होतं हेही त्याच तागडीत ठेवावं लागेल.

मग १८९० च्या दशकात ही भरतीच बंद झाली. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स आणि त्यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी ‘लढवय्या जाती’ नावाचा सिद्धांत चालवला. काही जाती जन्मतःच शूर आणि बाकीच्या नाहीत, असा त्याचा सार. पिढ्यान्‌पिढ्या रणात उभ्या राहिलेल्या माणसांना एका फटक्यात अपात्र ठरवण्यात आलं. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः फौजेतून निवृत्त होऊन दापोलीत राहिलेले. त्यांनी १८९४ मध्ये या बंदीविरुद्ध अर्ज तयार केला आणि आपल्या पूर्वजांच्या लष्करी सेवेचा दाखला देऊन हक्क मागितला. सुभेदार रामजी सकपाळ याच दापोलीत निवृत्तीनंतर काही काळ राहिले. त्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. त्यांच्या मुलानं, म्हणजे बाबासाहेबांनी, १९२७ च्या महाड परिषदेतल्या भाषणात लष्करभरतीच्या बंदीचा विषय काढला. ही नोकरी गेल्यानं शिक्षणाची आणि प्रतिष्ठेची वाटच तुटली, हे त्यांनी तिथं मांडलं. पहिल्या महायुद्धात गरज पडली तशी १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. महार रेजिमेंट कायमची उभी राहायला १ ऑक्टोबर १९४१ उजाडावा लागला. तिचा जयघोष ‘बोलो हिंदुस्थान की जय’. ज्यांना दोनदा परत पाठवलं होतं, त्यांनी घोषणेत थेट देशाचं नाव घेतलं. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

पहिल्या महायुद्धात शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता. कोकणी मराठ्यांच्या पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात गेल्या. तुर्कांनी तिथल्या कुत-अल-अमाराला घातलेल्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला. शेवटी अन्न संपल्यामुळे शरणागती झाली आणि कैदेत पुष्कळ माणसं मेली. तिथलं शौर्य हल्ल्याचं नव्हतं. भुकेल्या पोटी खंदकात महिनोन्‌महिने जागा न सोडण्याचं होतं, आणि त्याला पदकं फारशी मिळत नाहीत. युद्धानंतर सरकारनं गावोगाव दगडी पाट्या बसवल्या. या गावातून इतके जण महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. महाड तालुक्यातल्या एका गावाचं तर नावच फौजी आंबवडे पडलं. अशा गावात भरतीला जाणं हा वेगळा निर्णय राहत नाही. आजा गेला, बाप गेला, चुलता गेला, मग धाकटाही जातो. त्याच्या मनात देश असतोच, पण त्याआधी सुट्टीवर आल्यावर गावात मान खाली घालावी लागू नये हा विचार असतो.

याच काळात भरतीच्या भाषेत देश येऊ लागला होता. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी १९१८ मध्ये भूमिका घेतली की माणसं देऊ, पण हिंदी लोकांना अधिकारपदं आणि स्वराज्याचे हक्क मिळाले पाहिजेत. म्हणजे शिपायाच्या रक्ताला राजकीय किंमत आहे, हे कोणीतरी जाहीरपणे बोललं.

दुसऱ्या महायुद्धातली दोन दृश्यं शेजारी ठेवून पाहावीत. १० सप्टेंबर १९४२ ला महाडच्या कचेरीवर छोडो भारतचा मोर्चा गेला आणि पोलिसांच्या गोळीबारात तरुण पडले. त्याच तालुक्याला लागून असलेल्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा यशवंत घाडगे त्या वेळी इंग्रजांच्या फौजेत होता. १० जुलै १९४४ ला इटलीत, तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, तो मराठा पलटणीच्या तिसऱ्या बटालियनच्या एका तुकडीचा नाईक होता. मशीनगनच्या माऱ्यात त्याच्याबरोबरचे सगळे जवान ठार किंवा जखमी झाले. तो एकटा धावत गेला. हातबॉम्ब टाकून गन बंद पाडली, एकाला गोळी घातली, आणि बंदुकीत नव्या गोळ्या भरायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना दस्त्यानं मारलं. मग शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून तो पडला. वय २२. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. थडगं सापडत नाही, कसिनोच्या स्मारकावर नाव आहे. माणगावात पुतळा आहे.

इंग्रजांचं राज्य टिकावं म्हणून हा मुलगा त्या गनवर धावला, असं कोणी म्हणत असेल तर मला ते पटत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर त्याच्या तुकडीतली माणसं पडली होती, बहुतेक त्याच्याच बोलीत बोलणारी. युद्धानंतर एडवर्ड शिल्स आणि मॉरिस जॅनोविट्झ या अमेरिकी अभ्यासकांनी १९४८ मध्ये जर्मन फौजेविषयी हेच मांडलं. हरत आलेले शिपाईही लढत राहिले ते मुख्यतः आपल्या लहान तुकडीसाठी, विचारसरणीसाठी तेवढे नाही. मराठा पलटणींमध्ये हे आधीपासून ठाऊक होतं. एका मुलखाची माणसं एकत्र, ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ हा एकच घोष, आणि कर्तव्य, मान, साहस हे ब्रीद. त्यातलं साहस तिसरं येतं. आधी काम, मग नाव, आणि या दोन्हींतून धाडस, असा क्रम मला त्यात दिसतो.

नौदलात रत्नागिरीची पोरं पूर्वीपासून होती, त्यांत कोकणी मुसलमान पुष्कळ. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत तलवार या तळावर उठाव झाला तेव्हा पहिली तक्रार निकृष्ट जेवणाची आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिवीगाळीची होती. बघता बघता जहाजांवर काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्टांचे झेंडे एकत्र चढले. ताटातला अपमान आणि देशाचा अपमान त्या पोरांना एकच वाटला. जेवणासाठी उठले म्हणून हा उठाव हलका मानणाऱ्यांना शिपायाचं मन कळलेलं नाही.

स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा देश आणि मालक एक झाले. कारवारजवळच्या चेंडियाचे रामा राघोबा राणे १९४० मध्ये बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाले, ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढले. एप्रिल १९४८ मध्ये सेकंड लेफ्टनंट म्हणून नौशेरा-राजौरी रस्त्यावर त्यांनी रणगाड्यांसाठी वाट मोकळी केली. ८ ते ११ तारखेपर्यंत, जखमी असूनही, तोफगोळ्यांच्या माऱ्यात ते सुरुंग काढत आणि अडथळे उडवत राहिले. रणगाड्याखाली सरपटत, दोरी ओढून चालकाला इशारे देत त्यांनी गाडी पुढे नेली, असं त्या कामाचं वर्णन आहे. परमवीर चक्र जिवंतपणी मिळालेले ते पहिले. हे क्षणात उसळलेलं शौर्य नव्हतं. एकेक सुरुंग हातानं निकामी करायचा, मग पुढचा, असे चार दिवस. सैपरची, म्हणजे सुरुंग काढणाऱ्या, रस्ते करणाऱ्या शिपायाची, ही हिंमत त्याच्या हातातल्या कसबातून येते, आणि कसब शिकवावं लागतं.

१४ जून २०२२ ला लष्करभरतीची अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर पंचवीस टक्क्यांपर्यंत जवान कायम, बाकीच्यांना सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी, आणि पेन्शन नाही. भरतीसाठी पहाटे पुळणीवर धावणारी मुलं मालवणला, गुहागरला, दिवेआगरला दिसतात. योजनेच्या बाजूनं आणि विरोधात बरंच बोललं गेलं, पण कोकणच्या बाजूनं विचार करताना मला प्रतापगडानंतरचे होन आणि दापोलीचे पेन्शनर आठवतात. या किनाऱ्यावर शिपायाच्या घराला मिळालेली हमी हा त्याच्या निष्ठेचाच एक भाग होता, तिची जागा एकरकमी पैशानं भरून निघेल का हा प्रश्न विचारणं म्हणजे त्या मुलांच्या देशप्रेमावर शंका घेणं नव्हे. पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ च्या अखेरीस भरू लागतील. महाड, माणगाव, पोलादपूरच्या गावांतून त्यानंतर किती मुलं भरतीला उतरतात, हे तेव्हाच दिसेल.